पाठीवरचं बटण

व्हिसावर लिहिलंय हेल्पर.
घरी सांगितलंय टेक्निशियन.
काम असं, की तो पळतो, मी मागे पळतो,
तोल गेला तर त्याच्या पाठीचा पट्टा धरतो.
अडुसष्ट किलो. माझ्यापेक्षा चार जास्त.

शारजाहून धैदला जाताना डाव्या हाताला
उंटांची जुनी शर्यतपट्टी,
तिथे पहाटे चारला दिवे लागतात.
उन्हात याच्या गुडघ्यांच्या मोटारी तापतात
आणि हा न सांगता खाली बसतो, असेल तिथे.
उन्हाळ्यात साडेबारा ते तीन
उघड्यावर काम करायला बंदी आहे.
कायदा माणसांसाठी आहे,
हा उगाच माझ्याशेजारी सावलीत येतो
आणि पंखा त्याच्याकडे वळवलेला असतो.

पहिल्या आठवड्यात सेकंदाला दीड मीटर.
मी हात खिशात घालून मागून चालायचो.
गुडघे वाकवून पळायचा,
ओल्या फरशीवरून अनवाणी जावं तसा.
उंट फिरवणारा दाद करीम म्हणाला,
याचं पोट साफ होत नाही का?

उंट याच्याकडे बघतही नाहीत.
त्यांच्या पाठीवर बसणारे छोटे यंत्रस्वार
शेडमधल्या खोक्यात पडलेत,
चाबकांना चिकटपट्टी,
एकाला कुणीतरी शिवलेली रेशमी टोपी.
त्यांच्याआधी त्या पाठींवर मुलं असायची.
दाद करीमला विचारलं, तू कधीपासून इथे,
तर तो साल सांगत नाही, वजन सांगतो.
एकोणीस किलो, म्हणतो,
आणि खजुराची पिशवी पुढे करतो.

रमजानात तीन पूर्णांक चार.
खिशातले हात बाहेर आले.
धाकटी बहीण फोनवर हसली,
पळायचे पैसे देतात होय तिकडे?
देतात. पण माझ्या पळण्याचे नाही.
टॅबलेटवर हनानबाई त्याचाच आकडा वाचतात, मोठ्याने,
त्यांच्यामुळे अरबी आकडे मला येतात,
दशांशचिन्हासकट.

इस्लामपूरच्या शाळेत मी खो-खोच्या संघात होतो,
चौथ्या चौकोनातला.
इंगवले सर म्हणायचे,
नुसता हात लावलास तर फाऊल,
नुसता ओरडलास तरी फाऊल.
हात आणि शब्द, दोन्ही.

याचं बटण पाठीवर आहे,
दोन खांद्यांच्या बरोबर मधोमध, हिरवं.
दाबलं की एक क्षण काही होत नाही,
मग मणक्यातून काहीतरी सरकतं
आणि तो सुटतो.
दाबताना मी पुटपुटतो.
हनानबाईंना वाटतं, देवाचं नाव घेतो.
घेऊ दे, म्हणतात, उपकरणाला चालतं.

ईदनंतरचा गुरुवार.
चाळीस मीटरपर्यंत पट्टा माझ्या मुठीत होता,
पन्नासला बोटांत,
मग नव्हता.
छातीत शिट्टी वाजत होती, माझ्या,
त्याच्या छातीत पंख्याचा एकसारखा सूर.
तो माझ्यापासून लांब गेला
आणि मला, खोटं कशाला बोलू,
आधी आनंद झाला.
अगदी तोंडातून निघालं, पळ.

खम्सा, फासिला, हनानबाई ओरडत आल्या,
पुढचा आकडा हसण्यात गेला.
मग दम घेऊन म्हणाल्या,
सोमवारपासून तू पळायचं नाहीस,
गोल्फगाडी येतेय.
आणि तू?
ते ऑफिसला विचारून सांगते.

मी होतो तिथेच बसलो. वाळू अजून गार होती.
पट्टीच्या त्या टोकाला हिरवा ठिपका
कुंपणाशी जाऊन उभा राहिला.
सरळ पळतो, वळता अजून येत नाही त्याला,
कुणीतरी जाऊन फिरवावा लागतो.
कुणी निघालं नव्हतं.

दाद करीम उंट घेऊन शेजारून जाताना थांबला.
तुझं यंत्र तिकडे आहे,
तू इकडे तोंड करून का बसलायस?

बघितलं तर खरंच.
एक गुडघा वर, टाच उचललेली,
बोटं वाळूत रोवलेली,
आणि पाठ मोकळी.